घरी आणलं म्हणजे सोडून दिलं नव्हतं, बाळा

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बोलता बोलता तू म्हणालास, आई, बाबांना अजून आठ दिवस आयसीयूत ठेवलं असतं तर, आणि तिथंच थांबलास, मग रेंज नाही म्हणालास आणि फोन ठेवलास. मला कळलं रे. बाबांना जाऊन आठ महिने झाले, दर रविवारी तुझा फोन येतो, गॅस आला का, बीपीची गोळी घेतलीस का, लाईट बिल भरलं का सगळं विचारतोस, आणि बाबांचा विषय निघाला की तुझी मीटिंग निघते. मीपण कधी ताणलं नाही. पण हे असं मनात घेऊन तू तिकडे पुण्यात एकटा झोपत असशील तर ते मला चालणार नाही, म्हणून आज लिहायला बसले. फोनवर मला रडू येतं, मग तूच मला समजावत बसतोस आणि सांगायचं ते राहूनच जातं.

पहिलं हे सांगते की तुझ्या बाबांना आपण सोडून दिलं नाही. घरी आणल्यापासून १९ दिवस त्यांना जेवढं बघितलं, तेवढं त्या काचेच्या आत कुणी बघत नव्हतं. तेराव्याला पंगतीत कुणीतरी म्हणालं, खर्चाला भिऊन आणलं घरी, ते तुझ्या कानावर गेलंय हे मला माहीत आहे. तू एफडी मोडतो म्हणाला होतास, काका आरोग्य कर्नाटक ह्या सरकारी उपचार योजनेचं कार्ड घेऊन फिरत होते, सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राची फुले योजना लागू झालीय त्याचं काय होतंय का तेपण त्यांनी विचारून झालं होतं. पैशाचं कसंतरी झालं असतं. प्रश्न पैशाचा नव्हताच.

तू आयसीयूच्या त्या पाच दिवसांत दोनदा आत गेलास, मी रोज गेले. सकाळ-संध्याकाळ दहा दहा मिनिटं सोडत होते. त्यांचे हात कॉटला पट्टीनं बांधले होते, मास्क आणि नळी ओढतात म्हणून. तुला मी हे तेव्हा सांगितलं नाही. चाळीस वर्षं साड्यांच्या मागावर चाललेले हात, ते बांधून ठेवलेले मला बघवेनात. मी गेले की डोळ्यांनी हाताकडे दाखवायचे. चौथ्या दिवशी मास्क काढून पाणी पाजत होते तेव्हा एवढंच म्हणाले, "घरी ने गे." दुसऱ्या दिवशी परत तेच. डोकं ठिकाणावर असताना म्हणाले, तापात नव्हे, तेव्हा ताप उतरलेला होता.

मग मी डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले पित्ताच्या नळीतलं इन्फेक्शन आटोक्यात आलंय, पण मूळ गाठ स्वादुपिंडाची, ती लिव्हरमध्ये पसरलेली, केमो आता सोसणार नाही, पुढच्या वेळी श्वास अडला तर व्हेंटिलेटर लावावा लागेल, तयारी ठेवा. मी विचारलं, व्हेंटिलेटर लावला तर कॅन्सर कमी होईल का? ते म्हणाले नाही, श्वास चालू राहील. मी विचारलं, मग ते परत घरी येतील का? त्याला ते गप्प बसले. बाळा, अंगणवाडीत २६ वर्षं काढलेली बाई मी, मला मेडिकलमधलं काय कळणार, पण ते गप्प बसले त्यात मला उत्तर मिळालं. तुला फोन केला तेव्हा तू म्हणालास, तुला जे बरोबर वाटतं ते कर. तेवढ्यावर मी केलं. म्हणजे तू हो म्हणालास म्हणून तुझ्यावर ढकलत नाही हां, निर्णय माझा आणि त्यांचा होता.

आता जे चुकलं तेपण सांगते, कारण तुला राग असेल तर तो बरोबर जागी असावा. घरी न्यायचं म्हटल्यावर माझ्यापुढे एक कागद ठेवला, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध पेशंटला नेतो आहोत असा, आणि सही करा म्हणाले. सही करताना मला चोरी केल्यासारखं वाटलं. हातात फाईल दिली, ॲसिडिटीच्या आणि तापाच्या गोळ्या दिल्या, बस्स. घरी दुखायला लागलं तर काय द्यायचं, खाल्लं नाही तर काय करायचं, कुणाला फोन करायचा, एक शब्द कुणी सांगितला नाही. ती पहिली रात्र मी आयुष्यात विसरणार नाही. त्या दुखण्याचं असं असतं की पोटातनं पाठीत जातं, झोपलं की वाढतं, वाकून बसलं की जरा बरं वाटतं. रात्रभर ते उशी पोटाशी धरून वाकून बसले होते आणि मी पाठीला हात लावून बसले होते. बाहेर पाऊस, आपल्या बेळगावच्या वडगावात गल्लीत लाईट गेलेली. त्या रात्री मलापण वाटलं बाळा, की आपण चूक केली.

सकाळी मागच्या गल्लीतल्या सिस्टर आल्या, त्यांनी एका डॉक्टरबाईंचा नंबर दिला. पॅलिएटिव्ह केअर हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. बाईंनी मला समजेल असं सांगितलं, रोग बरा होणार नाही तिथं माणसाचं दुखणं, ओकारी, धाप, भीती, ह्या सगळ्यांवर उपचार करायचे आणि घरच्यांनापण सांभाळायचं, त्याला हे म्हणतात. मुंबईत बांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे, बेंगळूरला करुणाश्रय आहे, केरळात तर गावागावात माणसं हेच काम करतात म्हणे. आपल्याकडे मात्र माणूस शेवटाला आला की दोनच रस्ते, एक आयसीयू नाहीतर घरी नेऊन वाट बघा. मधला रस्ता असतो हे कुणी सांगतच नाही, मला ह्याचा सगळ्यात राग आहे. मार्चमध्ये कावीळ निघाली, पित्ताच्या नळीत स्टेंट घातला, सीटी स्कॅनमध्ये लिव्हरचं कळलं, त्याच दिवशी ह्या बाईंकडे पाठवायला पाहिजे होतं. केमो चालू असतानासुद्धा हे उपचार बरोबरीनं करता येतात. आपल्याकडच्या वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला दुकानाच्या पायरीवर खुर्ची टाकून बसले होते बघ, तू फोटो काढलास, फोटोत हसताहेत, पण पोटाशी हात आहे. ते दोन महिने दुखणं सोसण्यात गेले ते गेले नसते.

मॉर्फिनची गोळी लिहून दिली तेव्हा तू फोनवर ओरडलास, ती अफू आहे, सवय लागेल, त्यानं माणूस लवकर जातो. मीपण हेच विचारलं होतं बाईंना. त्या म्हणाल्या, दुखण्यासाठी मापात दिली, थोड्यापासून सुरू करून बघत बघत वाढवली, तर त्यानं आयुष्य कमी होत नाही, आणि नशेची सवय ही वेगळी गोष्ट आहे. ही गोळी साध्या मेडिकलात मिळत नाही, परवानगी असलेल्या दवाखान्यातच मिळते, २०१४ साली कायदा बदलला म्हणून आता एवढीतरी मिळते, त्याआधी परवान्यांच्या कागदात अडकून लोकं तशीच विव्हळत गेली. मुख्य म्हणजे दुखायची वाट बघायची नाही, घड्याळ बघून द्यायची. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहाची मोठी, म्हणजे मध्ये उठवायला लागू नये. आणि त्याच्याबरोबर पोट साफ व्हायचं औषध रोज, चुकवायचं नाही, कारण मॉर्फिननं शौचाला हमखास घट्ट होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आडवे झोपले. पाय लांब करून. किती दिवसांनी ते आडवे झोपले होते. मी उंबऱ्यात बसून बघत होते नुसती.

माझी ती दोनशे पानी वही आहे बघ निळी, ती तू उघडलीच नाहीस. त्यात सगळं लिहिलंय. किती वाजता गोळी, कुठं दुखलं, दहापैकी किती, लघवी झाली का, कूस कधी बदलली. एअर बेड भाड्यानं आणला होता तरी दर दोन तासांनी कूस बदलायची, मानेखाली, गुडघ्याखाली उशी, टाचा वर तरंगत्या ठेवायच्या. रात्री दोनचा माझा अलार्म असायचा. शेवटपर्यंत अंगावर एक जखम पडली नाही, हे मी तुला अभिमानानं सांगते.

आणि ती सिस्टर. गोकाककडची कन्नड पोरगी, तुझ्यापेक्षा लहान. बाबा दरवर्षी १ नोव्हेंबरला, सीमाभाग कर्नाटकात घातला म्हणून पाळतात त्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीत जायचे, तू लहान होतास तर पुढच्या दांड्यावर बसून गेलायस. त्यांना शेवटचं अंग पुसणं, दाढी करणं त्या पोरीनं केलं. पहिल्या दिवशी मी रडले तर "अळबॅडरी अम्मा", रडू नका आई, म्हणून माझाच हात धरला. बाबांना कन्नड काय कमी येत होतं, सुतवाल्यांशी सगळा व्यवहार कन्नडमध्येच, ते तिच्याशी आपले गप्पा मारायचे, "साकु तंगी", पुरे गं बहिणी, म्हणायचे तिनं जास्त वेळ पाय चोळले की. भाषेसाठी ते शेवटपर्यंत भांडलेच असते, ते खरंच आहे. पण त्या पोरीला त्यांनी मला सांगून पाच वार कापड द्यायला लावलं, आपल्या मागावरचं. मी दिलंय.

खाण्यावरनं मात्र घरात भांडणं झाली, आत्या तर माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. उपाशी मारतीस काय म्हणाल्या. तूपण सलाईन लाव, सलाईन लाव करत होतास. मलाही पोटात तुटत होतं रे, इंद्रायणीच्या तांदळाची पेज, आंबील, नाचणीचं सत्त्व, सगळं करून वाटी घेऊन बसायचे आणि ते दोन चमच्यांनंतर तोंड फिरवायचे. बाईंनी मला बसवून सांगितलं, शरीर बंद व्हायला लागलं की भूक आधी जाते, खात नाही म्हणून माणूस जात नाही, जायला लागलाय म्हणून खात नाही. जबरदस्तीनं भरवलं तर श्वासनळीत जातं. सलाईन चढवलं तर ते पाणी शरीर वापरत नाही, पायाला पोटाला सूज, छातीत घरघर, धाप वाढते. त्यापेक्षा मागितलं तर द्या, अर्धं बसवून, चमच्यानं. तोंड मात्र सारखं ओलं ठेवा. मग मी कापसाचा बोळा पाण्यात भिजवून तोंडातनं फिरवायचे, ओठाला साजूक तूप लावायचे. एकदा त्यांनी कुंदा मागितला. काकांनी आणला, हरभऱ्याएवढा जिभेवर ठेवला, दहा मिनिटं तो विरघळेपर्यंत डोळे मिटून पडले होते. त्या दिवशी वहीत मी लिहिलंय, "कुंदा खाल्ला".

ह्या १९ दिवसांत ते माझ्याशी जेवढं बोलले तेवढं लग्न झाल्यापासून बोलले नसतील. मागावर कोण बोलणार, खडखडाटात ऐकू येत नाही, आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलायचे. माग बंद होते तर हळू बोलले. कुणाचं किती देणं आहे ते सांगितलं, सुतवाल्याचं उरलेलं आधी द्यायचं म्हणाले. पौती करून, म्हणजे वारसांची नावं लावून घ्यायचं सांगितलं, जमिनीचा तो अर्धा तुकडा काकांच्या नावावर जाऊ दे, भांडू नको म्हणाले. तुझ्यावर एकदा हात उचलला होता दहावीत, ते काढलं. म्हणाले, त्याला सांग, मला ते नंतर फार लागलं. मी म्हटलं तुम्हीच सांगा, तर म्हणाले तो आला की सांगतो. तू आलास त्या शनिवारी त्यांनी तुझा हात धरून ठेवला होता बराच वेळ, आठवतंय? बोलले काहीच नाहीत. ते तेच होतं, बाळा.

दहाव्याला कावळा अर्धा तास शिवला नाही तेव्हा सगळे तुझ्याकडे बघायला लागले, लग्नाचं राहिलंय, पोराकडनं वचन घ्या म्हणून. तू दर्भ हातात घेऊन मान खाली घालून उभा होतास. मला त्या माणसांना सांगावंसं वाटत होतं की त्यांचं काही राहिलं नव्हतं, सगळं बोलून गेलेत. तुझ्या लग्नाचं तर एकदाही त्यांनी काढलं नाही. ते ओझं तू डोक्यावर घेऊ नको.

आता शेवटच्या रात्रीचं सांगते. तू विचारलं नाहीस, पण तुला ते माहीत नाही हेच तुला जास्त छळतंय असं मला वाटतं.

दोन दिवस आधीपासून झोपूनच होते, हाक मारली की डोळे किलकिले करायचे. बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं काय काय होईल, म्हणून मी घाबरले नाही, नाहीतर ॲम्ब्युलन्स बोलावून परत तिथंच नेलं असतं. लघवी कमी झाली, पाय गार, गुडघ्यावर निळसर जाळी उमटली. घशात घरघर सुरू झाली, ऐकायला फार वाईट, पण बाई म्हणाल्या ती ऐकणाऱ्याला त्रास देते, त्यांना तेवढी कळत नाही. कुशीवर वळवलं, कफ कमी करायचं इंजेक्शन सिस्टरनी चामडीखाली दिलं, आवाज कमी आला. मॉर्फिनपण तसंच चामडीखालनं. श्वास मग असा व्हायला लागला, भरभर घेतील, मग हळू, मग थांबेल, मोजलं तर पंधरा-वीस सेकंद, परत सुरू.

आणि हात. चादरीवरनं त्यांची बोटं चालायला लागली. अंगठा आणि पहिलं बोट, चिमटीत काहीतरी धरायचं, पीळ द्यायचा, ओढायचं. सिस्टर म्हणाली शेवटी असं होतं माणसाला, चादर चाचपतात. पण मी चाळीस वर्षं बघितलंय, ते तुटलेलं सूत सांधत होते. डाव्या हातानं धरून उजव्यानं गाठ, तीच गाठ, तशीच. मी मध्ये हात घातला नाही. मनात म्हटलं, करू देत. बराच वेळ करत होते, मग थांबले.

रात्री साडेबाराला तुला फोन लावला. तू निघालो म्हणालास. मी स्पीकर लावून फोन त्यांच्या कानाशी धरला, कारण बाई म्हणाल्या होत्या की डोळे मिटले तरी ऐकू येतंय असं धरूनच बोलत राहा. तू म्हणालास, "बाबा, मी येवलोय हां, पोचतोच." एवढंच. तेव्हा त्यांचा श्वास कसा झाला, भुवई हलली का, लोकं विचारतात, मी खोटं सांगणार नाही, काही हललं नाही. पण तुझा आवाज त्या खोलीत होता आणि कान त्यांचा होता, हे खरं आहे. पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी श्वास थांबला, मी मोजत राहिले, वीस, तीस, चाळीस, मग मोजायचं सोडलं. त्या वेळी तू निपाणीजवळच्या तवंदी घाटात होतास, पावसात ट्रक आडवा झाला म्हणून रांगेत. साडेसातला तू दारात आलास तेव्हा तुझं तोंड बघवत नव्हतं. तू आल्यावर पहिलं काय म्हणालास माहीत आहे? "मला उशीर झाला." अजून तेच म्हणतोयस, फक्त वेगळ्या शब्दात. अजून आठ दिवस म्हणजे तुला पोचायला वेळ मिळाला असता, असंच ना? बाळा, तू रात्रीत साडेतीनशे किलोमीटर पावसात आलास. आणि जवळ बसलेल्यांचंपण चुकतं, सिस्टर सांगत होती, कितीतरी वेळा घरची माणसं रात्रभर बसतात आणि चहा प्यायला उठली की त्या पाच मिनिटांत माणूस जातो. ते कुणाच्या हातात नसतं.

पुढचं सगळं तुझ्या डोळ्यासमोर झालं. बाईंनी येऊन मृत्यूच्या कारणाचा फॉर्म ४ए भरून दिला म्हणून महापालिकेत दाखल्याला काही अडलं नाही, २१ दिवसांच्या आत नोंद करावी लागते, काकांनी केली. बांगड्यांचं तेवढं तुला नीट माहीत नसेल. तू बाहेर होतास, आत बायका जमल्या होत्या आणि एक जण पुढं आली. मी हात मागे घेतला. म्हटलं, माझ्या हातातल्या बांगड्या त्यांनी भरल्यात, त्या फोडायला त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. शिरोळ तालुक्यातलं हेरवाड, इथनं कितीसं लांब आहे, तिथल्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं परिपत्रक काढलं. आम्ही अंगणवाडीत ते पेपरातलं वाचलं होतं, तेव्हाच ठरवलं होतं. बोलणाऱ्या बोलल्या. संक्रांतीला मला वाण द्यायला तीन जणीच आल्या, पण आल्या.

आता तुझं. तुझ्या रूममेटनं मला फोन केला होता, त्याच्यावर रागवू नको. रात्री दोन-दोनपर्यंत लॅपटॉप, जेवण नाही, ऑफिसात कुणाच्या अंगावर ओरडलास म्हणे. दिवाळीला आलास तर मागाच्या खोलीकडे एकदाही बघितलं नाहीस, पलीकडनं वळसा घालून बाथरूमला जायचास. मला सगळं दिसतं. मलापण होतंय रे. तो रात्री दोनचा कूस बदलायचा अलार्म मी दोन महिने काढला नाही. वाजायचा, मी उठायचे, रिकाम्या कॉटकडे बघायचे आणि परत पडायचे. नंतर एके दिवशी काढला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रडत होते, आपण विसरायला लागलो म्हणून. मागचे दोन महिने जरा बरं आहे. पण परवा बाजारात एक माणूस त्यांच्यासारखा खाकरला आणि मी भाजी तिथंच टाकून घरी आले. हे असं येत जात राहतं, एका रेषेत कमी होत नाही.

माझ्यासारखं तुला रडायला पाहिजे असं काही नाही, तू बाबांसारखा आहेस, ते त्यांचे वडील गेले तेव्हा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी माग चालू करून सलग दहा दिवस साड्या काढत होते. पण झोप नाही, जेवण नाही, रोजचं काम होत नाही असं सहा महिने, वर्ष चाललं तर ते औषधाचं, डॉक्टरचं काम आहे, त्यात कमीपणा काय. १४४१६ हा टेली मानस म्हणून सरकारचा फोन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मी केला होता सप्टेंबरमध्ये, पितृपक्षात. पलीकडच्या मुलीनं अर्धा तास नुसतं ऐकून घेतलं. तू पण कर. नाहीतर मला कर, आणि ह्या वेळी रेंज घालवू नको.

अजून एक काम आहे, ते वाचून लगेच फोन करून ओरडू नको. मी माझं लिहून ठेवलंय. मला काही झालेलं नाही, बीपी सोडून ठणठणीत आहे, म्हणूनच आत्ता लिहिलंय. ९ मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टानं हे मान्य केलं की माणूस शुद्धीत असताना लिहून ठेवू शकतो, की मला बरा न होणारा आजार झाला, बोलायची शुद्ध राहिली नाही, तर नुसतं मशीनवर जगवत ठेवू नका. जानेवारी २०२३ मध्ये ते सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही पुरते. आणि आपल्या कर्नाटक सरकारनं जानेवारी २०२५ मध्ये हॉस्पिटलांना त्याचा आदेश काढला. विष देणं, इंजेक्शन देऊन मारणं, ते आपल्याकडे गुन्हाच आहे, हे त्यातलं नाही. आणि एकट्या तुझ्यावरपण ते येत नाही, तीन डॉक्टरांचं एक मंडळ बघतं, मग दुसरं मंडळ बघतं, तुमची घरच्यांची संमती लागते, कोर्टाला कळवतात, मगच. मी कोर्टाजवळच्या नोटरीकडे जाऊन केलं. तुझं आणि मावशीचं नाव घातलंय, दोघांनी मिळून ठरवायचं, म्हणजे मला त्या रात्री जसं एकटीला वाटलं तसं तुला वाटू नये. एक प्रत आपल्या डॉक्टरांकडे दिलीय. मन बदललं तर मी ते लेखी रद्द करू शकते.

हे लिहिताना मला अरुणा शानबाग आठवत होत्या. हळदीपूरच्या, आपल्या कारवार भागातल्या, मुंबईत केईएमला नर्स होत्या, १९७३ साली त्यांच्यावर तो हल्ला झाला आणि २०१५ ला गेल्या, ४२ वर्षं त्याच हॉस्पिटलात. त्यांच्याच खटल्यातनं २०११ साली ह्या सगळ्याला तोंड फुटलं. त्यांना जाऊ द्या म्हणणारी लेखिकापण मायेनंच कोर्टात गेली होती, आणि नको म्हणणाऱ्या केईएमच्या नर्सेसपण मायेनंच नको म्हणत होत्या, एवढी वर्षं त्यांनी त्या बाईला न्हाऊमाखू घातलं होतं. फक्त त्या बाईला स्वतःला काय पाहिजे होतं ते कुणालाच विचारता आलं नाही. तुझ्यावर आणि मावशीवर तसं यायला नको. मला काय पाहिजे ते त्यात लिहिलंय, दुखायला नको, तोंड कोरडं पडायला नको, आणि जमलं तर मागाच्या खोलीशेजारच्या खोलीत, खिडकीजवळ. बाबांना आपण विचारू शकलो, ते बोलले, आपण ऐकलं. एवढ्यासाठी मी रात्री झोपू शकते.

मूळ कागद कपाटात वरच्या खणात, निळ्या वहीखाली आहे. ह्या वेळी आलास की आधी वही वाच, मग कागद. वहीत शेवटच्या पानावर त्यांनी स्वतः सही केलीय, वाकडीतिकडी, पेन धरवत नव्हता, मी म्हटलं कशाला, तर म्हणाले राहू दे.

दोन मागांपैकी पुढचा काका चालवतात आता, अर्धा दिवस. मागच्या मागावर बाबांनी चढवलेलं बीम, उभ्या सुताचा तो रूळ, तसंच आहे, सतरा-अठरा साड्यांचा ताणा शिल्लक असेल, हिरवा, काठ लाल. गिऱ्हाईक दोनदा विचारून गेलं, काका म्हणाले कापून मोकळा करू, मी अजून कापू दिलेला नाही. तुला चालवता येतो हे मला माहीत आहे, दहावीच्या सुट्टीत त्यांनी शिकवला होता. शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निघ. निपाणी सुटली की फोन कर, किती का वाजलेले असेनात, मी चहाचं आधण ठेवते.

तुझी,
आई